नुसती बटणे दाबणाऱ्या पोरी

मध्यंतरी एका व्याख्यानाला गेले होते. विषय मोठा भारदस्त होता : ‘दुसरे महायुद्ध आणि संगणकाचा जन्म’. वक्ते विद्वान होते, तयारी करून आले होते, आणि पडद्यावर एकेक चित्र दाखवीत बोलत होते. त्यांतल्या एका चित्रात भिंतीएवढे एक यंत्र होते. अंगभर तारा, बटणे आणि खुंट्या मिरवणारे. उजव्या हाताला चाकांवरून फिरवलेली कागदाची लांबच लांब पट्टी, आणि यंत्रापाशी दोन तरुण मुली. वक्ते या चित्रावर चांगला अर्धा तास बोलले. यंत्राचे नाव, त्याचे व्हॉल्व्ह, त्याचा वेग, त्याचा जनक, त्या जनकाचे चातुर्य, सारे काही झाले. शेवटी प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतली एक शाळकरी मुलगी उठली आणि तिने विचारले, “सर, त्या दोघी कोण आहेत?”

वक्त्यांनी वळून पडद्याकडे पाहिले. त्या दोघी तिथे उभ्या आहेत हे त्यांना त्या क्षणी प्रथमच जाणवले असावे. मग ते हसून म्हणाले, “त्या होय? त्या ऑपरेटर होत्या. नुसती बटणे दाबायच्या.” सभाही हसली. मुलगी खाली बसली.

माझे भांडण त्या वक्त्यांशी नाही. त्यांच्या तोंडून बाहेर पडलेल्या ‘नुसती’ या एका शब्दाशी आहे. कारण तो त्यांचा एकट्याचा नाही, आपल्या सर्वांच्या जिभेवर तो वस्तीला आहे.

आपल्याकडे ही हकीकत सांगण्याची एक ठरीव तऱ्हा पडून गेली आहे. जर्मनांपाशी ‘एनिग्मा’ नावाचे एक गुप्तलेखनाचे यंत्र होते. इंग्लंडात ॲलन ट्यूरिंग नावाचा एक विलक्षण बुद्धीचा लहरी तरुण होता. त्याने एकट्याने एक संगणक बांधला, एनिग्मा फोडले आणि युद्ध जिंकून दिले. कथा म्हणून ही फार छान आहे. तिच्यात नायक एक, राक्षस एक आणि मंत्र एक. फराळाच्या ताटावर बसून मुलांना सांगायला सोयीची. अडचण एवढीच की ती खरी नाही.

एनिग्माची पहिली फोड केली ती १९३२ साली पोलंडच्या गणितज्ञांनी, आणि १९३९ च्या जुलैमध्ये त्यांनी आपले सारे ज्ञान इंग्रज व फ्रेंच दोस्तांच्या स्वाधीन केले. ट्यूरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी एनिग्मासाठी योजलेले ‘बाँब’ नावाचे यंत्र संगणक नव्हते. ते फिरत्या दट्ट्यांचे, विजेच्या तारांचे एक अगडबंब शोधयंत्र होते. आणि ज्याला आज जगातला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणतात, त्या चित्रातल्या ‘कोलोसस’ने एनिग्माला कधी हातही लावला नाही. ते बांधले टॉमी फ्लॉवर्स या पोष्टखात्यातल्या इंजिनियराने, निराळ्याच कामासाठी. ट्यूरिंग यांची थोरवी कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ज्या देशासाठी त्यांनी जिवाचे रान केले, त्याच देशाने १९५२ साली त्यांच्यावर खटला भरला आणि १९५४ साली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांच्या वाट्याला आलेल्या अन्यायाची भरपाई खोट्या गोष्टी सांगून होणार नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

तर ते निराळे काम कोणते? एनिग्मा हे जर्मन सैन्याचे रोजच्या निरोपांचे साधन. पण बर्लिनचे वरिष्ठ सेनापती आणि निरनिराळ्या आघाड्यांवरचे सरसेनापती यांच्यातली लांब पत्रे टेलिप्रिंटरवरून, ‘लोरेन्झ’ नावाच्या अधिक बिकट यंत्रातून जात. इंग्रजांनी या साऱ्या प्रकाराला ‘टनी’ असे माशाचे नाव ठेवले होते. लोरेन्झमध्ये बारा चाके होती आणि त्यांवर मिळून ५०१ खुंट्या. टेलिप्रिंटरच्या प्रत्येक अक्षराला पाच भोकांची खूण असते. हे यंत्र त्या खुणेत दुसरी एक खूण मिसळून मूळ अक्षर ओळखू येणार नाही असे करी. १९४१ च्या ऑगस्टमध्ये एका जर्मन बिनतारी नोकराने सुमारे चार हजार अक्षरांचा एकच संदेश, चाकांची तीच मांडणी ठेवून, किरकोळ फरकांनी दोनदा पाठवला. जॉन टिल्टमन यांनी त्या दोन संदेशांवरून मजकूर सोडवला, आणि बिल टट या चोविशीतल्या तरुणाने, ते यंत्र डोळ्यांनी कधी न पाहता, निव्वळ कागदावर तर्क करून १९४२ च्या जानेवारीपर्यंत त्याची बाराही चाके ओळखून काढली. मानवी बुद्धीने केलेल्या पराक्रमांत याला तोड नाही, हे मी आनंदाने मान्य करते. चित्रपट मात्र टट यांच्यावर निघत नाहीत. असो.

पण यंत्राची रचना कळणे ही एक गोष्ट झाली, आणि रोज येणाऱ्या संदेशांची चाके त्या त्या दिवशी कुठून सुरू झाली हे हुडकणे ही दुसरी. दुसरी गोष्ट रोजची होती, रात्रीची होती, हजारो वेळा करायची होती. माझा विषय इथे सुरू होतो, आणि आपल्या वक्त्यांचे व्याख्यान नेमके इथे संपले होते.

केंट परगण्यात नॉकहोल्ट म्हणून एक ठिकाण आहे. तिथे जर्मन टेलिप्रिंटरचे बिनतारी संदेश पकडले जात. ते कानाने ऐकून लिहिण्यासारखे नव्हतेच. कागदाच्या अरुंद पट्टीवर शाईची नागमोडी रेघ उमटे. ती रेघ डोळ्यांनी वाचून तिची अक्षरे करायची, मग ती अक्षरे भोकांच्या पट्टीवर उतरवायची, आणि सारे पुन्हा तपासायचे. हे काम करणाऱ्या शेकडो माणसांत बहुसंख्य मुली होत्या. आकाशात वीज चमकली की रेघ थरथरणार; दूरचे केंद्र क्षीण झाले की रेघ पुसट होणार. आणि एक अक्षर मध्येच गळाले तर त्यापुढचा सारा संदेश एका घराने सरकणार. मग पुढे कोलोससच्या पोटात दीड हजार व्हॉल्व्ह असोत की दीड लाख, उत्तर चुकायचे ते चुकणारच. जात्यात खडे घातले तर जात्याचा दोष काय? तेव्हा त्या प्रख्यात यंत्राची अचूकता पहिल्या प्रथम नॉकहोल्टच्या मुलींच्या डोळ्यांत होती. त्यांचा तर चित्रात पत्ताही नाही.

तिथून त्या पट्ट्या ब्लेचली पार्क येथे, मॅक्स न्यूमन या केंब्रिजच्या गणितज्ञाच्या विभागात येत. आरंभी, १९४३ साली, तिथे ‘हीथ रॉबिन्सन’ नावाचे एक यंत्र होते. त्यात दोन पट्ट्या एकाच वेळी, एकमेकींच्या पावलावर पाऊल ठेवून, भरधाव फिरवाव्या लागत. कागदच तो! ताणला जाई, फाटे, पावले चुकत, आणि पोरी पुन्हा जोडीत. फ्लॉवर्स यांनी युक्ती केली ती ही की दोहोंतली एक पट्टी काढूनच टाकली आणि तिचे काम व्हॉल्व्हवर सोपवले. इतके व्हॉल्व्ह एकत्र टिकणार नाहीत असे शहाण्यांचे मत होते. ते सतत चालू ठेवले, मधूनमधून बंद केले नाहीत, तर टिकतात, हे फ्लॉवर्स यांना टेलिफोनच्या कामामुळे ठाऊक होते. लंडनच्या डॉलिस हिल येथील पोष्टखात्याच्या प्रयोगशाळेत पहिले कोलोसस तयार झाले, १९४४ च्या जानेवारीत ब्लेचलीला आले, आणि ५ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याने पहिला संदेश हाताळला. दुसरे, सुधारलेले, सुमारे २,४०० व्हॉल्व्हचे यंत्र १ जूनला सुरू झाले. पाच दिवसांनी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. युद्ध संपेतो अशी दहा यंत्रे रात्रंदिवस चालू होती.

आता, चालवणे म्हणजे काय, ते जरा पाहू. संदेशाची पट्टी घ्यायची, तिची दोन टोके गोंदाने चिकटवून कडे करायचे, आणि ते असे चिकटवायचे की जोड सेकंदाला पाच हजार अक्षरांच्या वेगाने चाकांवरून धावताना उकलणार नाही. मग ते कडे चाकांवर चढवून ताण बेताचा ठेवायचा. सैल झाले तर घसरते, घट्ट झाले तर तुटते. मग कोणती चाके कुठून कुठवर तपासायची ते पाहून खटके पाडायचे, तारांची टोके त्या त्या भोकात बसवायची. समजा, संदेश पाच हजार अक्षरांचा आहे. त्याचा एक फेरा एका सेकंदात होतो. पहिल्या दोन चाकांच्या जोड्या १,२७१; म्हणजे साध्या हिशेबाने वीस-एकवीस मिनिटे यंत्र मोजत बसणार (सुधारलेले यंत्र एका फेऱ्यात पाच जोड्या मोजी, तो भाग निराळा), आणि ठरवून दिलेल्या मर्यादेवर आकडा गेला की विजेचा टंकलेखक तो छापणार. मग छापून आलेल्या आकड्यांकडे पाहायचे आणि ठरवायचे : यांतला एखादा खरा आहे, की हा निव्वळ योगायोग? संदेशच सदोष आहे काय? जोड नीट आहे ना? एखादा व्हॉल्व्ह गेला काय? पुढची दोन चाके धरायची, की मागे वळायचे?

हे काम करणाऱ्या मुलींना ‘रेन’ म्हणत. त्या ब्रिटिश आरमाराच्या स्त्रीदलातल्या. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, त्यांतली एक मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतची. हजारो व्हॉल्व्हच्या उष्म्याने तापलेली खोली. युद्धाच्या अखेरीस न्यूमन यांच्या विभागात २७२ रेन होत्या आणि पुरुष २७. म्हणजे दर दहा बायकांमागे एक पुरुष; आणि इतिहासात जी नावे उरली ती बहुतेक त्या सत्तावीसांतली.

इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून माझी बाजू लंगडी पडेल. या मुली गणितज्ञ नव्हत्या. त्यांच्या निवडीच्या वेळी पदवी कुणी मागितली नव्हती. विद्यापीठात गेलेल्या त्यांत फारच थोड्या, आणि विद्यापीठात गणित शिकलेली एकही नाही. टट यांनी जे केले ते त्यांनी केले नाही, फ्लॉवर्स यांनी जे केले तेही नाही. अलीकडे काही हितचिंतक त्यांना ‘विस्मृतीत गेलेल्या महान शास्त्रज्ञ’ ठरवू पाहतात. या लोकांची मला त्या वक्त्यांपेक्षाही धास्ती वाटते. मार्च महिन्यातला एक दिवस उगवला की हार, नारळ घेऊन हे तयार! यांच्या मनात कुठेतरी असे पक्के बसलेले आहे की शास्त्रज्ञ ठरल्याशिवाय बाईचा मान ठेवता येत नाही. म्हणून ती जे होती ते पुसून, ती जे नव्हती ते तिच्या अंगावर चढवायचे. ‘नुसती बटणे दाबायच्या’ म्हणणारा आणि ‘छे, छे, त्या महान गणिती होत्या’ म्हणणारा, हे दोघेही एकाच गोष्टीवर एकमत आहेत : बटणे दाबणे हे काही काम नव्हे. माझा वाद याच गोष्टीशी आहे.

ते काम होते की नाही, याची साक्ष कुणी स्त्रीवादी लेखिकेची नको. त्या विभागाचा एक सविस्तर अहवाल १९४५ साली तिथल्याच तीन पुरुषांनी लिहिला : जॅक गुड, डोनाल्ड मिची आणि जेफ्री टिम्स. तो ५५ वर्षे कुलपात होता, २००० साली बाहेर आला. त्या अहवालात या मुलींच्या हसतमुख व्यवहारबुद्धीची तारीफ आहे. आणि त्यांच्यातल्या काही जणींनी गुप्तलेख फोडण्याच्या कामातही गती दाखवली, काही जणींना इंजिनियरांनी यंत्रांच्या नेहमीच्या तपासण्या शिकवल्या, अशीही नोंद आहे. म्हणजे बटणे दाबता दाबता या पोरी बटणांच्या मागे काय आहे तेही शिकल्या होत्या.

पुढे पुढे तर कोणता आकडा आला असता पुढचे पाऊल कोणते, याचे झाडाच्या फांद्यांसारखे आराखडे करण्यात आले आणि गणितज्ञ शेजारी बसलेला नसतानाही मुलीच चाकांचा ठाव काढू लागल्या. यावर प्रतिपक्षाचा वकील लगेच उठून म्हणेल, “पाहा! आराखडा दुसऱ्याने आखलेला. त्या फक्त त्याबरहुकूम वागल्या!” बरे तर. अनारशांची कृती कोणत्याही पुस्तकात मिळते. तांदूळ तीन दिवस भिजवा, कुटा, गूळ घाला, पीठ मुरवा, तुपात सोडा. दिवाळीच्या तोंडावर ही कृती घेऊन त्या वकिलांनी एकदा चुलीपुढे बसावे. अनारसा तुपात विरघळला म्हणजे, पुस्तकात न लिहिलेले असे किती असते, ते त्यांना कळेल. कृती लिहिणाऱ्याला मी मान देते. पण अनारसे पुस्तक तळत नाही.

आणि दुसरा आक्षेप : “त्यांना आपण काय करतो आहोत हेच ठाऊक नव्हते.” हा आक्षेप फार साळसूदपणे घेतला जातो. ठाऊक नव्हते, कारण सांगितले नव्हते. आणि सांगितले नव्हते ते केवळ त्यांनाच नव्हे. ब्लेचलीचा कारभारच असा होता की एका खोलीतल्याने दुसऱ्या खोलीत डोकावायचे नाही, मग तो प्राध्यापक असो की पहारेकरी. न सांगितलेले ठाऊक नसणे हा जर उणेपणा असेल, तर आघाडीवर लढणाऱ्या प्रत्येक शिपायाची पदके काढून घ्यावी लागतील. त्यालाही सेनापतीच्या टेबलावरचा नकाशा कुणी दाखवलेला नसतो.

शिपायांचा विषय निघाला म्हणून सांगते. बर्लिन आणि इटलीतले जर्मन सरसेनापती केसेलरिंग यांच्यातला टेलिप्रिंटरचा दुवा हा नियमाने फोडल्या गेलेल्या टनी दुव्यांपैकी एक. १९४४ साली त्या केसेलरिंगच्या फौजांपुढे जे उभे ठाकले होते, त्यांत आपली मराठा पलटण होती. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. ब्लेचलीच्या कुठल्या पट्टीने त्या खोऱ्यात काय केले, याचा हिशेब मी मांडणार नाही. तसा हिशेब मांडणारे लोक ‘युद्ध दोन वर्षांनी आटोपले’ असे छातीठोक सांगतात, तेव्हाही मला नवल वाटते. मी एवढेच म्हणते की एकच लढाई होती. तिच्या एका टोकाला महाडा-माणगावकडची पोरे होती आणि दुसऱ्या टोकाला, रात्री तीन वाजता गोंदाने कागद चिकटवणारी एखादी विशीतली पोर होती. पहिल्याला ‘नुसती बंदूक चालवणारा’ असे म्हणण्याची कुणाची छाती होईल काय?

मग दुसरीलाच ‘नुसती’ का? माझे उत्तर स्पष्ट आहे. काम हलके म्हणून बाईला दिले, हे खरे नव्हे; बाईला दिले म्हणून ते हलके ठरले. याचा पुरावा हवा असेल तर पगारपत्रके पाहावी. जोन क्लार्क ही केंब्रिजची गणितातली अव्वल विद्यार्थिनी. तिथे स्त्रियांना पूर्ण पदवी १९४८ पर्यंत मिळतच नव्हती, म्हणून अव्वल येऊनही ती पदवीधर नव्हे! १९४० च्या जूनमध्ये ती ब्लेचलीला आली ती कारकुनाच्या दर्जावर, आठवड्याला दोन पौंडांवर. ट्यूरिंग यांच्याच खोलीत, त्यांच्याच तोलाचे काम ती करू लागली, तेव्हा तिला बढती द्यायची कशी असा पेच पडला. कारण गणिती बाईसाठी दर्जाच नव्हता. शेवटी तिला ‘भाषातज्ज्ञ’ म्हणून चढवण्यात आले. तिला परकी भाषा एकही येत नव्हती. दर्जा : भाषातज्ज्ञ, भाषा : एकही नाही, असे अर्जात भरताना तिला मोठी मौज वाटे म्हणतात. मौज खरीच, पण त्या मौजेच्या पोटात केवढा अपमान आहे पाहा! आणि १९४४ साली तीच त्या विभागाची उपप्रमुख झाली. ब्रिटनच्या सरकारी नोकरीत लग्न करताच बाईला घरी बसवण्याचा नियम होता, तो १९४६ मध्ये गेला. समान पगाराचे तत्त्व मान्य व्हायला १९५५ साल उजाडले आणि ते पुरते अमलात यायला १९६१. तेव्हा दर्जा कामावरून ठरत होता असे कुणी मला सांगू नये.

हेच माप बायकांपुरते नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. फ्लॉवर्स हे पूर्व लंडनमधल्या एका गवंड्याचे चिरंजीव. हाताने काम करणाऱ्यांच्या जातीचे. युद्धानंतर सरकारने त्यांना एक हजार पौंड दिले, ते त्यांच्या पदरच्या खर्चालाही पुरे पडले नाहीत. तसेच यंत्र पुन्हा बांधायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितले, तेव्हा असले यंत्र चालणारच नाही म्हणून नकार मिळाला. आणि ‘मी अशी दहा चालवून दाखवली आहेत’ हे सांगायला कायद्याने त्यांचे तोंड बंद होते. हुकुमावरून त्यांनी आपले नकाशे डॉलिस हिलच्या भट्टीत स्वतःच्या हाताने जाळले. दहांपैकी आठ यंत्रे मोडण्यात आली, दोन १९६० च्या सुमारापर्यंत गुप्तपणे ठेवली आणि मग तीही गेली. विचार करणारा वरचा आणि हात चालवणारा खालचा, ही उतरंड आपल्याला काही परकी नाही. ती कुठून आली ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

अमेरिकेतही तीच कथा. तोफगोळ्यांच्या मार्गांचे कोष्टक करण्यासाठी फिलाडेल्फियाला ‘एनियाक’ नावाचे सुमारे १८,००० व्हॉल्व्हचे यंत्र बांधले. ते गणित आधी मुली हाताने करीत, आणि त्या मुलींच्या हुद्द्याचे नावच ‘कॉम्प्युटर’ होते! (आपण त्याचे ‘संगणक’ केले आणि यंत्राला ‘तो’ म्हणू लागलो.) त्यांतल्या सहाजणींनी, कोणतेही माहितीपुस्तक हाताशी नसताना, तारांचे नकाशे वाचून त्या यंत्राला गणित कसे घालायचे ते शोधून काढले : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचे प्रदर्शन दणक्यात झाले, मेजवानी झाली. मेजवानीला या सहाजणींना बोलावणे नव्हते. चाळीस वर्षांनी कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने जुन्या छायाचित्रातल्या बायका कोण, असे विचारले. तिला उत्तर मिळाले की यंत्र शोभून दिसावे म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील, शीतकपाटाच्या जाहिरातीत असतात तशा. आमचे वक्ते निदान ‘ऑपरेटर’ तरी म्हणाले!

राहता राहिले मौन. ब्लेचलीत शिरताना प्रत्येकीकडून गुप्ततेच्या कायद्याखाली सही घेतली जाई. युद्ध संपले, मुली घरोघर गेल्या, लग्ने झाली, मुले झाली. “युद्धात तू काय करत होतीस?” “कचेरीत होते, कारकुनी.” १९७४ साली विंटरबॉथम या अधिकाऱ्याच्या पुस्तकाने ब्लेचलीचे बिंग जगापुढे फुटले, आणि कोलोससची चित्रे सरकारने १९७५ मध्ये मोकळी केली. तीस वर्षे! कित्येक जणींचे आईबाप तोवर गेले. मुलीने काय केले ते न कळताच गेले. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, अशी म्हण आपण किती हौसेने वापरतो. ब्लेचलीत ऐन भरात नऊ-दहा हजार माणसे होती, त्यांत चारांत तीन बायका. त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितले नाही. आणि त्यांनी वचन पाळले याची शिक्षा अशी की त्यांच्या मौनाचा अर्थ, यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हतेच, असा लावण्यात आला.

म्हणून, सभा उठल्यावर मी त्या शाळकरी मुलीला जिन्यात गाठले. बरोबर तिचे आजोबा होते, त्यांना घरी जायची घाई होती. मी तिला सांगितले, चित्रातली डावीकडची डोरोथी ड्यू बॉइसन आणि उजवीकडची एल्सी बुकर. तिने दप्तरातून पेन काढून दोन्ही नावे तळहातावर लिहून घेतली. ‘ड्यू’ हा शब्द वेगळा लिहायचा की जोडून, असे तिने विचारले. वेगळा, मी म्हणाले. मग तिने विचारले, “आणि त्या नक्की काय करत होत्या?” आजोबा दोन पायऱ्या खाली उतरले होते, तिथून त्यांनी हाक मारली. मी म्हटले, आधी कागदाच्या पट्टीची दोन टोके चिकटवीत असत. “कशाने?” गोंदाने, मी म्हणाले. आजोबांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा तिने खाली पाहून सांगितले, “थांबा हो आबा, आत्ताशी सुरू झालंय.”